लिनक्सचं नाव न घेता

बहारीनमध्ये नळाला येणारं पाणी मुख्यतः समुद्राचं खारं पाणी गोडं करून मिळवलेलं असतं. मोठ्या इमारतींत ते आधी तळमजल्याच्या टाकीत येतं आणि तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं. या टाक्यांत पाणी किती आहे हे सतत सांगणारी पेटी आमची छोटी कंपनी बनवते. मिरजेहून इन्स्ट्रुमेंटेशन शिकून आलेली मी गेली काही वर्षं त्या पेट्या बसवत होते. पाण्याची पातळी करंटच्या रूपात कळवणारा लेव्हल ट्रान्समीटर टाकीत सोडायचा, वायर ग्लँडमधून आत घ्यायची, लूपमध्ये ४ ते २० मिलिअँपिअर नीट येतोय ना ते तपासायचं, हे माझं रोजचं काम. बोर्डाच्या आत काय चालतं, ते सॉफ्टवेअरवाले बघत.

मग आमच्या वरिष्ठांनी मला आत ओढलं. मूळचे साताऱ्याचे, ऑफिसात सगळे त्यांना दादा म्हणतात. ते म्हणाले, ‘‘या बोर्डाचं वर्णन तू लिही. तुला लूप कळतो, सर्किट वाचता येतं. फक्त एक अट आहे. त्यात लिनक्स हा शब्द यायला नको. ड्रायव्हर हा शब्दही नको. आपलं ॲप काय करतं तेही नको.’’

मला काही उमगेना. पंपरूममधल्या आमच्या मोठ्या पेटीत लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालते, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत. मग त्याचं नाव टाळून लिहायचं कुणासाठी? वाचणारा कोण? माणूस की मशीन? आणि ‘हा भाग अमुक काम करतो’ हे सांगताना ते काम करून घेणाऱ्याचं नाव टाळायचं तरी कसं?

दादांनी आधी मला एका साध्या प्रश्नाशी आणून उभं केलं. कॉम्प्युटरला आपल्याला काय काय जोडलंय हे कळतं कसं? यूएसबीचा माऊस लावला की तो स्वतःच ‘मी अमुक कंपनीचा, अमुक प्रकारचा’ असं सांगतो. पीसीआय कार्डाचंही तसंच. पण आमच्या बोर्डावर करंट मोजण्यासाठी जी चिप आहे, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एडीएस १११५, ती आयटूसी नावाच्या दोन तारांच्या बसवर बसते आणि आपण होऊन स्वतःची ओळख सांगत नाही. त्या बसवर तिचा पत्ता षोडशमान पद्धतीत ४८ आहे, तोही का, तर तिची पत्त्याची पिन ग्राउंडला जोडली आहे म्हणून. ती पिन सप्लायला जोडली असती तर पत्ता ४९ झाला असता. ही गोष्ट फक्त बोर्ड आखणाऱ्याला ठाऊक. प्रोसेसरला ती बाहेरून कुणीतरी सांगावीच लागते.

हे सांगण्याची जी पद्धत आज रुळली आहे तिचं नाव डिव्हाइस ट्री. प्रोसेसर, मेमरी, बस, बसवरच्या चिपा, त्यांचे पत्ते, इंटरप्टच्या तारा, व्होल्टेज हे सगळं एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये फांद्यांसारखं मांडायचं. आणि प्रत्येक प्रकारच्या चिपेबद्दल काय लिहायचं, कोणत्या नावाने, कोणत्या एककात, काय सक्तीचं आणि काय ऐच्छिक, हे ठरवणारा वेगळा दस्तऐवज असतो, त्याला बाइंडिंग म्हणतात. माझ्या वाट्याला दोन्ही आलं होतं: आमच्या बोर्डाची फाइल, आणि कंपनीने स्वतः आखलेल्या एका छोट्या मॉड्यूलचं बाइंडिंग.

आमच्याकडे याची गरज का, ते हळूहळू लक्षात आलं. पंपरूममधल्या पेटीत लिनक्स आहे, पण गच्चीवरच्या बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या पेटीत झेफर नावाची लहान ऑपरेटिंग सिस्टिम आहे. करंट मोजण्याचं सर्किट मात्र दोन्हीकडे तेच. लिनक्स मशीन सुरू होताना या वर्णनाची बायनरी फाइल वाचतं. झेफर ती मशीनपर्यंत नेतच नाही. प्रोग्राम तयार होतानाच वर्णनातले आकडे कोडमध्ये उतरवून घेतं. सुरुवातीचा बूट करणारा यू-बूट प्रोग्रामही असंच वर्णन वाचतो, फ्रीबीएसडी ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिमही वाचते. वाचण्याच्या तऱ्हा इतक्या वेगळ्या असतील तर मजकूर कुणा एकाच्या सोयीचा असून भागणार नाही, हे मला पटलं. पटलं, तरी लिहिता येईना.

अडलं ते पहिल्याच परिच्छेदाशी. हाताशी एक जुनी टिपणवही होती, माझ्या आधी काम सोडून गेलेल्या इंजिनियरची. इथरनेटच्या चिपेबद्दल त्यात लिहिलं होतं, की लिनक्स सुरू झाल्यावर ड्रायव्हर, म्हणजे ती चिप हाताळणारा प्रोग्राम, रीसेटची पिन खाली आणतो, थोडा थांबतो आणि वर नेतो. वाक्यात खोटं काही नाही. पण दादांनी विचारलं, ‘‘उद्या लिनक्स काढून टाकलं तर या वाक्यातलं काय उरतं?’’ मी डेटाशीट उघडली. उरत होतं ते असं: ही पिन लो असताना चिप रीसेटमध्ये राहते; रीसेट पक्का व्हायला ती किमान इतका वेळ लो राहिली पाहिजे; सोडल्यानंतर इतका वेळ गेल्याशिवाय चिप उत्तर देत नाही. करणारा माणूस किंवा प्रोग्राम वाक्यातून गेला, आणि चिपेचा स्वभाव तेवढा शिल्लक राहिला. पिन लो असताना कार्यरत होते ही खूण आणि ते दोन्ही वेळ, तिन्ही गोष्टींना डिव्हाइस ट्रीत ठरलेल्या जागा आहेत.

तोच प्रश्न मी मग प्रत्येक ओळीला विचारू लागले, आणि तिथे खरा गोंधळ सुरू झाला. रीसेटचा वेळ वर्णनात जातो. मग ‘दर दहा सेकंदांनी पाण्याची पातळी मोज’ हाही वेळच आहे, तो का जात नाही? दादा म्हणाले, ‘‘पहिला वेळ चिप बनवणाऱ्याने ठरवला, तो तुला-मला बदलता येत नाही. दुसरा आपण ठरवला. उद्या गिऱ्हाईक म्हणालं मिनिटाने मोजा, तर बोर्डावर काही बदलेल का?’’ काहीच बदलणार नव्हतं. म्हणजे दिसायला दोन्ही वेळाचेच आकडे, पण एक वस्तूचा गुण आणि दुसरा आमचा निर्णय. मी वर्षानुवर्षं हे दोन्ही एकाच वहीत, एकाच पानावर लिहिलेले पाहत आले होते.

माझ्या ओळखीचा लूप घेऊन बसले तेव्हा हे आणखी नीट दिसलं. ट्रान्समीटरकडून येणारा करंट आमच्या बोर्डावर १०० ओहमच्या रेझिस्टरमधून जातो. ४ मिलिअँपिअरला त्याच्यावर ०.४ व्होल्ट येतात, २० ला २ व्होल्ट, आणि चिप ते व्होल्टेज मोजते. हा रेझिस्टर बोर्डावर झाळलेला आहे, तेव्हा तो वर्णनात हवाच. करंट मोजण्यासाठीच्या अशा रेझिस्टरसाठी, म्हणजे शंटसाठी, लिनक्सच्या संग्रहात तयार बाइंडिंग आहे आणि त्यात किंमत मायक्रो-ओहममध्ये लिहायची असते. १०० ओहम म्हणजे दहा कोटी मायक्रो-ओहम. एकावर आठ शून्यं टाइप करताना मी ती पुन्हा पुन्हा मोजली. एवढं बारीक एकक कशाला, असं वाटलं होतं. कारण सरळ आहे: शंट बहुतेक वेळा ओहमच्या हजाराव्या भागाचे असतात, आणि डिव्हाइस ट्रीत दशांश चिन्ह नसतं, पूर्णांकच असतात. म्हणून एकक पुरेसं लहान घ्यायचं आणि ते गुणधर्माच्या नावातच लिहून टाकायचं: मायक्रोव्होल्ट, हर्ट्झ, मायक्रोसेकंद. वाचणाऱ्याला अंदाज बांधावा लागत नाही. साइटवर ‘हा आकडा बारमध्ये की पीएसआयमध्ये’ यावरून झालेले वाद मी पाहिले आहेत. एकक नावातच गुंफण्याचा हा नियम मला मनापासून आवडला.

पण मग ट्रान्समीटरचं काय? तो शून्य ते तीन मीटरचा आहे, म्हणजे ४ मिलिअँपिअरला शून्य आणि २० ला तीन मीटर. हाही हार्डवेअरचाच गुण. मात्र तो बोर्डाचा नाही. तो टर्मिनलला स्क्रूने जोडलाय, दुसऱ्या इमारतीत पाच मीटरचा असेल. तो बोर्डाच्या वर्णनात नको, त्या जागेच्या नोंदीत हवा. टाकीची उंची त्याहून दूरची. ‘पाणी वीस टक्क्यांखाली गेलं की धोक्याची सूचना’ ही तर इमारतीच्या व्यवस्थापकाची मर्जी. एकाच लूपवर बोट फिरवत गेलं की हळूहळू वस्तूची हद्द संपते आणि माणसांच्या ठरवाठरवीची सुरू होते, हे मला इतक्या वर्षांत कधी दिसलं नव्हतं.

ती हद्द सगळीकडे सरळ रेषेत जात नाही, हेही सांगायला हवं. त्याच एडीएस १११५ च्या प्रचलित बाइंडिंगमध्ये गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा, आणि सेकंदाला किती नमुने घ्यायचे याच्या जागा आहेत. गेन निदान सर्किटवरून ठरतो म्हणता येईल. २ व्होल्टच्या वर काही येणारच नसेल तर रेंज तशीच निवडावी लागते. नमुन्यांचा वेग मात्र मला निर्णयाच्या बाजूचा वाटतो, तरी तो तिथे आहे. जुन्या बाइंडिंगमध्ये अशा गोष्टी राहून जातात, कारण एकदा लोक त्यांवर विसंबले की काढता येत नाहीत. बाइंडिंग म्हणजे दिलेला शब्द असतो: जुनं वर्णन लिनक्सच्या नव्या कर्नललाही, म्हणजे गाभ्यालाही, वाचता आलंच पाहिजे, अशी अपेक्षा असते.

मला सर्वात कोड्यात टाकलं ते या संग्रहाच्या पत्त्याने. अशा बाइंडिंगचा जगातला सर्वात मोठा साठा लिनक्स कर्नलच्या स्रोतातच ठेवलेला आहे. आणि तिथेच, बाइंडिंग कसं लिहावं या मार्गदर्शनात, स्वतः लिनक्सवाल्यांनी सांगितलंय, की बाइंडिंगमध्ये लिनक्सचा किंवा ड्रायव्हरचा उल्लेख करू नका. हार्डवेअरमध्ये काय आहे ते लिहा, आज कुठल्या प्रोग्रामला काय जमतं ते नको. ड्रायव्हर एखादी सोय वापरत नसला तरी वर्णन पूर्ण ठेवा. केवळ ड्रायव्हर जागा व्हावा म्हणून झाडात फांदी काढू नका. चिपेचं नाव नेमकं लिहा. ‘या मालिकेतली कुठलीही’ अशी मोघम खूण चालणार नाही. नवीन बाइंडिंगचा परवाना दुहेरी ठेवायला सांगतात, जीपीएल किंवा बीएसडी, म्हणजे इतर सिस्टिमवाल्यांनाही ते विनाअडथळा घेता येतं. घरमालकानेच पाटीवरून स्वतःचं नाव उतरवावं, तसं मला ते वाटलं. अपवाद आहेत, पण तेही उघड आहेत. सीरियल लाइन सुरुवातीपासूनच आरएस-४८५ पद्धतीने चालवायची, हे सांगणाऱ्या गुणधर्माच्या नावापुढे ‘लिनक्स’ हा उपसर्गच लावलेला आहे. जे कुणा एकाचं आहे त्यावर त्याचं नाव, बाकी सगळं सर्वांचं.

ही शिस्त आली कुठून, ते शोधताना मी सन मायक्रोसिस्टिम्सपर्यंत मागे गेले. तिथे मिच ब्रॅडली यांनी ओपनबूट नावाचं फर्मवेअर घडवलं. मशीनमध्ये काय काय आहे याचं झाड ते तयार करी आणि वर येणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती देई. १९९४ मध्ये त्यावरून आयईईई १२७५ हे मानक झालं, ओपन फर्मवेअर या नावाने ओळखलं गेलेलं. ॲपलच्या पॉवरपीसी मॅकमध्ये आणि आयबीएमच्या मशीनमध्ये ते होतं. मुलांसाठी काढलेल्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपमध्येही ओपन फर्मवेअर होतं, आणि त्यामागेही ब्रॅडलीच होते. हा लॅपटॉप २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत पोहोचला होता. त्या वाडीतल्या मुलांच्या हातातल्या मशीनमध्येही हेच झाड होतं, हे कळल्यावर हा विषय मला परका वाटेनासा झाला.

लहान बोर्डांना एवढं मोठं फर्मवेअर परवडत नव्हतं. म्हणून २००५ च्या सुमारास पॉवरपीसी प्रोसेसरवरच्या लिनक्ससाठी झाड तेवढं ठेवून बाकीचं फर्मवेअर वजा केलं गेलं, आणि एक सपाट बायनरी फाइल उरली. एआरएम प्रोसेसरच्या जगात मात्र प्रत्येक बोर्डाची माहिती कर्नलमध्येच सी भाषेत कोंबली जात होती. २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्या गर्दीवर जाहीर नाराजी दाखवली आणि एआरएमही या वाटेला लागलं. डिव्हाइस ट्रीचं स्वतंत्र विवरणपत्र २०१६ मध्ये आलं. आधी साध्या गद्यात लिहिली जाणारी बाइंडिंग आता यामल नावाच्या आखीव स्वरूपात लिहितात, त्यामुळे बोर्डाची फाइल त्यांच्याशी जुळते की नाही हे मशीनच तपासतं.

त्या तपासणीचा मला फार आधार वाटला. सक्तीचा गुणधर्म राहिला, नाव चुकलं, यादीत नसलेलं काही घुसलं, की ती लगेच अडवते. पण बोर्डावरचा रेझिस्टर खरोखर १०० ओहमचा आहे का, हे ती सांगू शकत नाही. ते मी बोर्ड टेबलावर घेऊन मल्टिमीटरने मोजलं. पत्त्याची पिन ग्राउंडलाच गेली आहे का, ते भिंगाखाली ट्रॅक पाहून खात्री केली. सर्किटच्या नकाशात दाखवलेला एक कपॅसिटर प्रत्यक्षात बसवलेलाच नव्हता, तेही तेव्हाच दिसलं. वर्णन लिहायचं तर वस्तू हातात घेऊन पाहावी लागते. ती सवय साइटवरच्या कामाने मला आधीच लावली होती.

बहारीनमध्ये राहून हे काम करताना त्याचं मोल मला जास्त जाणवलं, कारण इथे माणसं टिकत नाहीत आणि यंत्रं टिकतात. कामाचा परवाना एक-दोन वर्षांनी नूतनीकरणाला येतो. कुणी कोचीला परततं, कुणी दुबईला, कुणी कोल्हापूरला. मागे राहतात पॅनल. एका जुन्या इमारतीत आम्हाला अशीच दुसऱ्या कुणी बसवलेली पेटी सुपूर्द झाली होती. कागद भरपूर होते, पण सगळे ‘अमुक प्रोग्राम उघडा, तमुक बटण दाबा’ अशा सूचनांचे. तो प्रोग्राम चालेल असा कॉम्प्युटरच शिल्लक नव्हता. आत कोणती चिप, कोणत्या पत्त्यावर, किती ओहमचा शंट, यातलं एक अक्षर नाही. उन्हाळ्यात दुपारी १२ ते ४ उघड्यावर काम करायला बंदी असते, म्हणून सकाळी लवकर गच्चीवर जाऊन आम्ही एकेक वायर धरून ते सर्किट पुन्हा कागदावर उतरवलं. यंत्र धडधाकट होतं. त्याचं वर्णन मात्र एका प्रोग्रामबरोबर बांधलेलं होतं, आणि प्रोग्राम गेला तसं तेही निकामी झालं.

याच बेटावर याच्या उलट पुरावाही आहे. कलअत अल-बहरीनच्या टेकाडात डॅनिश पथकाने १९५० च्या दशकात उत्खनन सुरू केलं. तिथे जी दगडी वजनं मिळाली ती सिंधू संस्कृतीच्या मापाशी जुळतात. दिलमुन म्हणून ओळखलेल्या या बंदरातलं माप तिकडे सीरियातल्या एब्ला नगराच्या मृत्तिकालेखांतही दिसतं. व्यापाऱ्यांच्या भाषा वेगळ्या, लिप्या वेगळ्या, राजे वेगळे. वजन मात्र कुणाच्या ताब्यात आहे यावर अवलंबून नव्हतं. सिंधूची लिपी आजही उलगडलेली नाही, पण ती वजनं आजही वाचता येतात.

आमच्या मॉड्यूलचं बाइंडिंग आता पूर्ण झालं आहे. दोन्ही पेट्यांच्या फाइलींत शंटची, चिपेच्या पत्त्याची आणि व्होल्टेजची नोंद तीच आहे. झेफर स्वतःची बाइंडिंग वेगळी ठेवतं, त्यामुळे काही नावांत फरक पडतो, पण वस्तूबद्दलची विधानं बदलत नाहीत. गच्चीवरच्या पेटीची ऑपरेटिंग सिस्टिम उद्या बदलायची ठरली, तर ती विधानं पुन्हा शोधत बसावं लागणार नाही.

या कामात नव्याने पडणाऱ्या मुलामुलींना मला एवढंच सांगावंसं वाटतं, की सॉफ्टवेअर येत नाही म्हणून यापासून दूर राहू नका. डेटाशीट वाचता येणं, मल्टिमीटर धरता येणं आणि ‘हे वस्तूचं की आपलं?’ असं प्रत्येक ओळीला न कंटाळता विचारणं, एवढ्यावर सुरुवात होते. आणि जे यंत्रं विकत घेतात, मग ती इथल्या मनामा शहरातल्या इमारतीची सोसायटी असो की महाराष्ट्रातल्या एखाद्या गावची नळयोजना, त्यांनी खरेदीच्या अटींत एक कलम घालावं: पेटीबरोबर तिच्या हार्डवेअरचं पूर्ण वर्णन द्यायचं, कुठल्याही एका सॉफ्टवेअरवर न विसंबणारं. विकणाऱ्याला त्याचा खर्च थोडा येईल. पण पुढे पंधरा वर्षं ती पेटी ज्यांना सांभाळायची आहे, त्यांचा त्या माहितीवर हक्क आहे.